स्टॉकहोमचा गर्दी कर

स्वीडनच्या राजधानीत सोमवार ते शुक्रवार दिवसा शहराच्या मध्यभागात गाडी घेऊन शिरलं की पैसे पडतात आणि बाहेर पडतानाही पडतात. हा टोल नाही बरं का, टोल रस्त्याचा खर्च काढायला घेतात, हा कर गाड्या कमी व्हाव्यात म्हणून आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये असं काही सुरू केलं होतं, पण स्टॉकहोमने आधी करून दाखवलं आणि मग लोकांना विचारलं, म्हणून हे उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

३ जानेवारी २००६ ते ३१ जुलै २००६ असा प्रयोग झाला. त्याच्या आधीच, ऑगस्ट २००५ पासून, जवळपास २०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या, म्हणजे गाडी घरी ठेवणाऱ्याला जायला काहीतरी हवं ना. शहर बेटांवर वसलेलं, आत यायचे रस्ते मोजकेच, त्यामुळे १८ ठिकाणी कॅमेरे लावून भागलं. टोलनाका नाही, रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, गाडी चालू असतानाच नंबर प्लेटचा फोटो निघतो. तेव्हा मध्यभागाची हद्द एकदा ओलांडायला वेळेप्रमाणे १०, १५ किंवा २० क्रोना (स्वीडनचं चलन) लागायचे, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सगळ्यात जास्त, आणि दिवसाला ६० च्या वर नाही. लिडिंगो बेटावरच्या लोकांना तर शहरातून गेल्याशिवाय कुठे जाताच येत नाही, म्हणून ते अर्ध्या तासात आरपार गेले तर कर माफ.

सुरुवातीला बहुतेकांचा विरोध होता. पण हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण एक पंचमांशाने कमी झाल्या आणि रस्ते मोकळे झाल्याचं डोळ्यांना दिसायला लागलं, कारण रस्ता गच्च भरलेला असताना थोड्या गाड्या हटल्या तरी खोळंबा बराच कमी होतो. प्रयोग थांबला तशा गाड्या परत वाढल्या, तेही लोकांनी बघितलं. सप्टेंबर २००६ च्या मतदानात शहरवासीयांनी थोड्या फरकाने हो म्हटलं, आजूबाजूच्या ज्या गावांनी मतदान घेतलं तिथे मात्र एकूण कौल विरोधात गेला, त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे कारण रोज ये-जा त्यांचीच. १ ऑगस्ट २००७ पासून कर कायमचा झाला. पुढे दर वाढले, २०१६ पासून एसिंगेलेडन हा मोठा हायवेही त्यात आला.

या पैशाचा मोठा वाटा नव्या रस्त्यांकडे वळवला गेला, पश्चिमेकडचा बोगद्यातला बायपास त्यातलाच, आणि माझ्या मते तो बस-मेट्रोकडे आधी जायला हवा होता.