हायड्रॉक्सियुरियामुळे तोंड येणे

रक्तविकारांवर वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा एक दुष्परिणाम. जीभ, गालांची आतली बाजू किंवा ओठ यांवर दुखरे व्रण उठतात आणि तिखट-आंबट सोडाच, कोमट चहाही झोंबतो. हे औषध पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या पेशींची बेसुमार वाढ), इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया (प्लेटलेटची वाढ) आणि सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक विकार) या आजारांत दिले जाते. ते १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम तयार झाले. प्रौढांच्या सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मात्र १९९८ मध्ये.

पेशी विभागण्यापूर्वी तिला नवा डीएनए घडवावा लागतो. त्यासाठी लागणारा कच्चा माल पुरवणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) हायड्रॉक्सियुरिया रोखते. अस्थिमज्जेतील अतिउत्पादन त्यामुळेच आटोक्यात येते. पण तोंडाचे अस्तरही सतत झडणारे आणि नव्याने भरून येणारे असल्याने त्यालाही झळ बसते.

व्रण दोन वाटांनी होतात, आणि उपचाराच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या प्रकारात मज्जा गरजेपेक्षा जास्त दबते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात आणि तोंडातले नेहमीचे जंतूही डोईजड होतात. अशा वेळी ताप आला तर तो तातडीचा प्रसंग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. दुसऱ्या प्रकारात रक्ताचे आकडे अगदी हवे तसे असतात, तरीही तोंड येते; औषधाचा थेट अस्तरावरच परिणाम झालेला असतो. हे औषध सुरू होऊन कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही घडते, म्हणून संशय औषधावर जात नाही. घोट्याजवळची न भरणारी जखम किंवा नखांवरचे काळे पट्टे सोबत असतील तर दुवा जुळायला मदत होते.

आपल्याकडे तोंड आले की ‘उष्णता वाढली’ म्हणून तूप लावणे आणि दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणणे हा ठरलेला क्रम. या रुग्णांत पहिले पाऊल सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तपासणीचे हवे. बी-१२ किंवा फॉलिक आम्लाची कमतरता असूही शकते, पण इथे एक गोम आहे: या कमतरतेप्रमाणेच हायड्रॉक्सियुरियानेही तांबड्या पेशी एरवीच आकाराने मोठ्या होतात. त्यामुळे नुसत्या अहवालातील एमसीव्ही (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) पाहून कमतरता ओळखता येत नाही. ती वेगळी तपासावी लागते.

मीठ-पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, बेन्झिडामिन या वेदनाशामकाचे द्रावण किंवा डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम यांनी वेदना कमी होतात. मूळ प्रश्न मात्र डोसचा असतो. डॉक्टर तो कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. रुग्णाने परस्पर गोळी बंद करणे धोक्याचे, कारण प्लेटलेट वा तांबड्या पेशी पुन्हा चढून रक्ताची गुठळी होऊ शकते. डोस कमी करूनही व्रण परतत राहिले तर औषध सोसत नाही असे मानून पर्याय निवडतात: पॉलिसायथेमियात इंटरफेरॉन किंवा रुक्सोलिटिनिब, थ्रॉम्बोसायथेमियात अॅनाग्रेलाइड. सिकलसेलमध्ये मात्र हे औषध सहजासहजी सोडवत नाही, कारण गर्भातील बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून ते वेदनेचे झटके कमी करते.

महाराष्ट्रात सिकलसेलचा भार विदर्भ आणि नंदुरबारकडे अधिक आहे. यांपैकी नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचे व्यसनही मुरलेले आहे. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातला, एकाच जागी टिकून राहिलेला, कडा टणक झालेला व्रण केवळ गोळीच्या नावावर टाकणे चुकीचे; तो कर्करोगही असू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या अशा व्रणाचा तुकडा बायोप्सीसाठी पाठवावा, मग रुग्ण हायड्रॉक्सियुरियावर असो वा नसो.