बत्तीसच्या अंगात अडतीस का बसत नाही? (रिव्हॉल्व्हरधारक ग्राहकांसाठी)

कॅम्पातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न नेहमी येतो: "याच बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला अडतीसचं सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) बसवून द्याल का?" आम्ही देत नाही. बत्तीस, अडतीस हे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं ढोबळ माप (.३२, .३८). अडतीस हा प्रतिबंधित बोअर आहे, हे एक कारण. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी असं हत्यार तुमच्याच हातात फुटू शकतं, आणि आम्हाला काळजी त्याची आहे.

मोटारीच्या चाकात आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. .३२ लाँगचं काडतूस उडतं तेव्हा चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) दर चौरस इंचाला सुमारे १५,००० पौंडांपर्यंत दाब येतो. तो झेलते सिलिंडरची भिंत. फ्रेममधली (रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यातली) मोकळी जागा जेवढी, तेवढंच जाड सिलिंडर तिच्यात मावणार. भोकं मोठी केली की बाहेरची भिंत पातळ होते, दोन चेंबरमधलीही होते, आणि व्यास वाढल्याने तेवढ्याच दाबाचा ताणही वाढतो.

रिकामं सिलिंडर उजेडात धरून बघा. अंगावर सहा छोट्या खाचा दिसतील. सिलिंडर जागेवर धरून ठेवणारा खटका त्यांत बसतो. सहाच्या सिलिंडरमध्ये ही खाच बहुधा चेंबरच्या पाठीवरच येते, म्हणजे भिंत सर्वांत पातळ तिथे. पाचच्या सिलिंडरमध्ये तीच खाच दोन चेंबरमधल्या भरीव धातूवर सरकते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १९५० मध्ये छोट्या जे फ्रेममध्ये .३८ स्पेशल बसवलं, ते पाचच गोळ्यांचं.

.३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचा दाब ३५,००० पौंडांच्या घरात. १९३५ मध्ये ते आलं तेव्हा याच कंपनीने त्याला थोरली एन फ्रेम दिली. १९५५ मध्ये ते मधल्या के फ्रेममध्ये आणलं. सिलिंडर टिकलं, पण जागा पुरावी म्हणून नळीचं मागचं तोंड खालून सपाट घासावं लागलं होतं, आणि हलक्या, वेगवान गोळ्यांनी तिथेच चिरा पडू लागल्या. शेवटी १९८० च्या सुमारास थोडी मोठी एल फ्रेम काढावी लागली. एवढ्या अनुभवी कारखान्याला जे मोठ्या फ्रेमशिवाय जमलं नाही, ते लेथवर करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर मध्यावर मोडून उघडतं. त्यात सिलिंडरवरची पट्टी अखंड नसते, धक्का वरच्या कडीवर आणि बिजागरीवर येतो. म्हणून घरी भरलेली किंवा जास्त दारूची काडतुसं त्यात कधीच घालू नका. .३२७ फेडरलचं काडतूस तेवढ्याच जाडीचं दिसतं, पण दाब ४५,००० पौंडांपर्यंत जातो.

खंडेनवमीच्या पूजेनंतर खाचांमधलं हळदकुंकू मऊ ब्रशने काढा. ते ओल धरतं, आणि गंज नेमका पातळ भिंतीवर बसतो. पुसताना बंद सिलिंडर पुढे-मागे हलताना जाणवलं किंवा खाचेपाशी केसाएवढी रेघ दिसली, तर एकही गोळी न उडवता दुकानात या. तपासणीचे पैसे घेत नाही. हत्यार रिकामं करून आणा, लायसन्स सोबत ठेवा.