एल्बे वालुकाश्म डोंगरातली ट्रेन-फेरीची भटकंती

एल्बे वालुकाश्म डोंगर हा जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या आग्नेयेला सुरू होऊन चेक सीमेपलीकडे देचीनच्या आसपासपर्यंत पसरलेला कडे, सुळके आणि अरुंद घळींचा प्रदेश. जर्मन बाजूला याला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात आणि चेक बाजूला बोहेमियन स्वित्झर्लंड. उंचीचं म्हणाल तर सगळ्यात उंच देचीन्स्की स्नेझ्निक फक्त ७२३ मीटर, त्यामुळे शिखर सर करायला इथे कुणी येत नाही, येतात ते पिवळसर-करड्या दगडाच्या भिंतींमधून दिवसभर चालायला. आणि हे चालणं स्वतःची गाडी न आणता, लोकल ट्रेन, फेरीबोट, ट्राम आणि बस यांच्या भरवशावर पूर्णपणे करता येतं. नुसतं करता येतं असं नाही, इथे तेच जास्त सोयीचं पडतं.

याचं कारण नदी. एल्बेने हा डोंगर मधोमध कापलाय. रेल्वे डाव्या काठाने जाते आणि बास्टाय, श्रामश्टाइने असे गाजलेले बरेचसे कडे उजव्या काठावर आहेत. ड्रेस्डेनजवळचं पिर्ना हे गाव सोडलं की नदीवरचा पुढचा रस्त्याचा पूल थेट बाड शांडाऊला आणि त्यानंतरचा देचीनला, म्हणजे गाडीवाल्याला पलीकडे जायचं तर मोठा वळसा पडतो, तेच चालणारा माणूस ट्रेनमधून उतरून धक्क्यावर येतो आणि काही मिनिटांत पलीकडे असतो. शिवाय गाडी पार्किंगला लावली की संध्याकाळी फिरून तिच्याकडेच यावं लागतं. ट्रेनने आलेला माणूस एका स्टेशनला उतरतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्याच स्टेशनवरून घरी जातो, त्याच वाटेने परत यायची गरज नाही.

कणा म्हणजे एस-१ ही लोकल. माइसनहून निघून ड्रेस्डेन, पिर्ना, वेलेन, राटेन, क्योनिगश्टाइन, बाड शांडाऊ, श्मिल्का करत ती सीमेलगतच्या श्योनाला पोचते. ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून बाड शांडाऊ साधारण पाऊण तास, आणि तिथपर्यंत बहुतेक दिवस दर अर्ध्या तासाला गाडी असते, त्यापुढे मात्र कमी, हे श्मिल्काला उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. जाताना शक्यतो नदीच्या बाजूची खिडकी पकडावी, पिर्नानंतर कडे दिसायला लागतात आणि मग स्टेशन येईपर्यंत नजर हटत नाही. हा लोहमार्ग १८५१ मध्ये देचीनपर्यंत पूर्ण झाला आणि बास्टायच्या सुळक्यांना जोडणारा आजचा दगडी पूलही (नदीवरचा नव्हे) त्याच वर्षीचा, म्हणजे इथलं पर्यटन आणि रेल्वे बरोबरीनेच वाढलेत. चित्रकार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. आद्रियान त्सिंग आणि आंतोन ग्राफ हे स्विस चित्रकार १७६६ मध्ये ड्रेस्डेनच्या कला अकादमीत आले, त्यांना इथे आपल्या देशाची आठवण झाली आणि स्वित्झर्लंड हे नाव चिकटलं ते कायमचं. त्या काळच्या चित्रकारांच्या वाटांवरून आखलेला मालरवेग हा सुमारे ११५ किलोमीटरचा मार्ग आठ टप्प्यांत चालतात आणि बऱ्याच टप्प्यांच्या शेवटी ट्रेन किंवा बस मिळते.

राटेनची फेरीबोट तर निवांत उभं राहून बघावी. तिला पलीकडे जायला इंजिन लागत नाही. नदीच्या वरच्या अंगाला पात्रात नांगरलेली एक लांब तार असते, तिला बोट बांधलेली, आणि चालवणारा बोट प्रवाहाला जरा तिरकी करतो की पाणीच तिला ढकलत दुसऱ्या काठाला नेतं, परत यायला तिरपा उलटा करायचा, बस्स. बाड शांडाऊ आणि श्मिल्काच्या फेऱ्या मोटरवर चालतात.

नवख्याने सुरुवात कुठून करावी तर वेलेनपासून. फेरीने पलीकडे जाऊन उटेवाल्डच्या घळीत शिरायचं, तिथे दोन भिंतींच्या मध्ये अडकलेल्या प्रचंड शिळांखालून वाट जाते आणि उन्हाळ्यातही गारवा असतो. मग चढून बास्टायला, जिथून एल्बे १९४ मीटर खाली दिसते, आणि उतरताना श्वेडनल्योखर नावाच्या घळीतून सुमारे ७०० पायऱ्या, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याला घाबरून आसपासचे लोक इथे लपले होते म्हणून हे नाव. खाली राटेन, फेरी, ट्रेन. बास्टायवर सुट्टीच्या दिवशी तुफान गर्दी होते आणि ती मुख्यतः वरच्या पार्किंगमधून येणाऱ्यांची, घळीतून येणाऱ्याला शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत तिचा पत्ताही लागत नाही.

पाय तयार झाले की दुसरा मार्ग घ्यावा, मला स्वतःला तो पहिल्यापेक्षा सरस वाटतो. बाड शांडाऊहून किर्निच दरीत १८९८ पासून चालणारी एक छोटी ट्राम आहे, जेमतेम आठ किलोमीटरची, झाडी आणि ओढ्याच्या कडेने लिश्टनहाइन धबधब्यापर्यंत जाते. तिथून कूश्टाल ही दगडाची मोठी कमान, मग जंगलातून ५५६ मीटरचा ग्रोसर विंटरबेर्ग (हा बेसाल्टचा, त्यामुळे झाडी आणि माती लगेच बदललेली दिसते) आणि पलीकडे उतरून श्मिल्का. एवढी चाल ट्राम, फेरी आणि ट्रेन नसती तर एका दिवसात बसवणं अवघड होतं.

दगडाबद्दल थोडं. सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी शेकडो मीटर जाडीची वाळू साचून हा खडक झाला, पुढे जमीन उचलली गेली, खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि पाण्याने त्या भेगा धरून डोंगराचे ठोकळे केले. लिलिएनश्टाइन, क्योनिगश्टाइन असे सपाट माथ्याचे डोंगर त्यातूनच उरले. जवळ जाऊन बघितलं तर भिंतीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, आत झिरपलेल्या पाण्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि ते वाळूचे कण सुटे करतात. बोट फिरवलं तर वाळू हातात येते, आणि म्हणूनच कृपया फिरवू नये. ओला झाला की हा दगड आणखी कमजोर होतो, म्हणून पावसानंतर कड्यावर चढाई करायला मनाई आहे. एरवीही चढणारे धातूची साधनं खडकात अडकवत नाहीत, गाठी मारलेले दोर वापरतात आणि पकड घट्ट व्हावी म्हणून हाताला लावतात ती मॅग्नेशियाची पूडही लावत नाहीत. पाफेनश्टाइनजवळच्या बार्बारीने सुळक्यावर तर १९७५ पासून चढाई बंदच आहे.

तिकिटांचं गणित दिसतं तेवढं किचकट नाही. ओबरएल्बे वाहतूक संघाचं दिवसभराचं तिकीट लोकल आणि बस दोन्हींत चालतं, पाच जणांपर्यंतचा ग्रुप असेल तर सॅक्सनी तिकीट स्वस्त पडतं, मे २०२३ पासूनचं, जर्मनीभर चालणारं डॉइचलांड तिकीट असेल तर ट्रेन-बसचं काहीच बघायला नको. सीमा ओलांडायची तर एल्बे-लाबे तिकीट घ्यावं, ते दोन्ही बाजूंना चालतं. काही फेरीबोटींचं तिकीट वेगळं असतं, सुटे पैसे ठेवावेत. बाड शांडाऊसारख्या गावात मुक्काम केला तर पाहुण्यांच्या कार्डावर आसपासचा प्रवास फुकट होतो.

चेक बाजूला जायला श्योनाहून फेरीने ह्रेन्स्को, तिथून बस किंवा पायी प्राव्चित्स्का ब्राना, ही युरोपातली सगळ्यात मोठी नैसर्गिक वालुकाश्म कमान, २६.५ मीटर रुंद. २००७ च्या अखेरीपासून सीमेवर शेंगेन कराराचे, म्हणजे देशादेशांतल्या मुक्त ये-जाचे नियम लागू आहेत आणि २०१४ पासून देचीन, बाड शांडाऊ, सेब्निट्स, रुंबुर्क अशी दोन्ही देशांना जोडणारी रेल्वेही धावते.

निघण्याआधी राष्ट्रीय उद्यानाचे (जर्मन बाजूचं १९९० चं, चेक बाजूचं २००० चं) वाटांबद्दलचे ताजे निर्णय नक्की बघावेत, कारण २०१८ च्या दुष्काळानंतर साल पोखरणाऱ्या किड्याने स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची जंगलं वाळवली आणि पडणाऱ्या झाडांमुळे वाटा बंद होत राहतात. जुलै २०२२ च्या वणव्यात दोन्ही बाजूंचं मिळून हजार हेक्टरच्या वर जंगल जळालं, त्यानंतर ह्रेन्स्कोजवळच्या काही वाटा बराच काळ उघडल्या नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाड शांडाऊचा पूल काही महिने बंद पडला तेव्हा सगळा भार फेरीबोटींवर आला होता. हिवाळ्यात फेरीबोटींच्या वेळा कमी होतात आणि पुराच्या पाण्यात त्या थांबतात, म्हणून उजव्या काठावर फिरताना शेवटची फेरीबोट किती वाजता आहे हे सकाळीच धक्क्यावरच्या पाटीवर वाचून घ्यावं.