स्टीलहेड मासेमारी, हिवाळ्याअखेरची

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील नद्यांत साधारणतः फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, समुद्रातून विणीसाठी चढून आलेल्या स्टीलहेड माशांची फ्लायने केली जाणारी गळाची मासेमारी. फ्लाय म्हणजे पिसे, केस व धागा गळावर बांधून केलेले कृत्रिम आमिष. स्टीलहेड ही स्वतंत्र जाती नसून रेनबो ट्राउटचे समुद्रगामी रूप आहे. पिल्ले गोड्या पाण्यात बहुधा एक ते तीन वर्षे वाढून समुद्रात उतरतात आणि तेथे मोठी झाल्यावर जन्माच्या नदीकडे परततात. पॅसिफिक सामन विणीनंतर मरतो, तसा हा मासा मरतोच असे नाही. काही मासे पुन्हा समुद्र गाठतात आणि दुसऱ्यांदाही चढतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन वालबाउम याने १७९२ मध्ये रशियाच्या कामचाटकातील माशावरून केले आणि ‘मायकिस’ हे जातिनाम तेथील स्थानिक नावावरून घेतले. १८३६ मध्ये रिचर्डसन याने कोलंबिया नदीतील माशाला तो पाठविणाऱ्या डॉ. गार्डनर यांच्यावरून ‘साल्मो गार्डनेराय’ असे नाव दिले व तेच दीर्घकाळ रूढ राहिले. दोन्ही मासे एकच असल्याचे आणि त्यांचे नाते अटलांटिक ट्राउटपेक्षा पॅसिफिक सामनशी जवळचे असल्याचे मान्य झाल्यावर १९८९ मध्ये ‘ऑन्कोऱ्हिंकस मायकिस’ हे नाव स्वीकारले गेले. ‘स्टीलहेड’ या लोकनामाची व्युत्पत्ती मात्र निश्चित नाही. समुद्रातून नुकत्याच आलेल्या माशाच्या डोक्यावरील पोलादी निळसर झाकेवरून ते पडले असे एक मत आहे. कवटी इतकी टणक की एका दंडुक्याने मासा मरत नसे, म्हणून ते पडले असे दुसरे. ताजा मासा ओल्या वाळूवर पाहिला असता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

स्टीलहेडच्या चढणीचे दोन प्रकार मानले जातात. उन्हाळी चढणीचे मासे साधारणतः मे ते ऑक्टोबर या काळात अपरिपक्व अवस्थेत नदीत शिरतात, कित्येक महिने डोहांत राहतात आणि पुढच्या वसंतात वितात. हिवाळी चढणीचे मासे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बरेचसे परिपक्व होऊनच येतात व थोड्याच अवधीत वितात. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून वर सरकणाऱ्या वलगणीच्या माशांशी हा दुसरा प्रकार हेतूच्या दृष्टीने जुळतो, अंतराच्या दृष्टीने नव्हे. हे दोन प्रकार आनुवंशिक दृष्ट्या कितपत वेगळे आहेत, याविषयी बराच खल झाला आहे. एकाच नदीतील उन्हाळी व हिवाळी मासे परस्परांचे जवळचे नातलग असतात, हे जुन्या जनुकीय तुलनांत दिसले होते. त्यामुळे लवकर चढण्याची सवय निरनिराळ्या नद्यांत स्वतंत्रपणे पुनःपुन्हा निर्माण झाली असावी, असे मानले जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चढणीच्या काळाचा संबंध ‘जीआरईबी१एल’ या जनुकाच्या परिसरातील फरकाशी जोडला आणि हा फरक उत्क्रांतीत वारंवार नव्हे, तर एकदाच उद्भवून पसरला असावा असे सुचविले. हे मत ग्राह्य धरल्यास एखाद्या नदीतून उन्हाळी चढण नाहीशी झाल्यावर उरलेल्या हिवाळी माशांतून ती सहज परत येईल ही अपेक्षा फोल ठरते. एका जनुकावरून संरक्षणाचे गट पाडू नयेत, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकी संघीय कायद्यात वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या आखाताला मिळणाऱ्या नद्यांतील दोन्ही चढणी एकाच गटात मोडतात आणि २००७ पासून तो गट ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे.

हिवाळी चढणीचा ऐन काळ कोणता, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पातील हो, क्वीट्स, सोल डक, बोगाशिल या नद्यांत डिसेंबर-जानेवारीत मुख्यतः मत्स्यबीज केंद्रातील मासे व फेब्रुवारीनंतर जंगली मासे येतात, अशी अलीकडची समजूत आहे. केंद्रांतील माशांची निवड लवकर विण्याच्या गुणासाठी झाली होती, त्यामुळे ती आजच्या स्थितीपुरती खरी आहे. तथापि जुन्या पकड-नोंदींवर आधारलेल्या २०२२ मधील अभ्यासानुसार जंगली मासेही पूर्वी आजच्यापेक्षा लवकर चढत असत. लवकर येणारा भाग घटत गेल्याने उरलेली चढण उशिराची दिसते. म्हणजे ‘हिवाळ्याअखेरचा हंगाम’ हा काही अंशी झालेल्या हानीचा अवशेष आहे.

पाण्याची स्थिती ठरविताना पंचांगापेक्षा तापमान व विसर्ग यांना महत्त्व दिले जाते. मासा शीतरक्ताचा असल्याने पाणी साधारण ४° से.च्या खाली गेले की त्याच्या हालचाली मंदावतात व आमिषामागे धावण्याची त्याची तयारी उरत नाही. ५° ते ९° से. हा पट्टा सामान्यतः अनुकूल समजला जातो. जाणकारांच्या अनुभवानुसार प्रत्यक्ष आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा असतो. ३° वरून ५° वर चढणारे पाणी ८° वरून ६° वर उतरणाऱ्या पाण्यापेक्षा बरे. म्हणून दुपार ही चांगली वेळ. पण वरच्या खोऱ्यात बर्फ साचलेले असल्यास उन्हाच्या दिवशी वितळलेले पाणी उतरून उलट परिणाम होऊ शकतो. थंड पाण्यात मासा खळाळ सोडून माणसाच्या चालीइतक्या संथ, कमरेएवढ्या किंवा थोड्या अधिक खोल प्रवाहात थांबतो. कडाक्याच्या रात्रीनंतर पाण्यात बर्फाचे सूक्ष्म कण तरंगत येतात व तळाच्या दगडांनाही बर्फ धरते. ते सुटून वाहून जाईपर्यंत गळ टाकण्यात अर्थ नसतो.

विसर्गाची नोंद प्रवाहमापन केंद्रांवरून क्युसेकमध्ये मिळते. पावसाने नदी फुगून गढूळ झाली की मासे चढू लागतात, पण त्यांना फ्लाय दिसत नाही. पाणी ओसरू लागून त्याला पारदर्शक हिरवट रंग आला आणि सुमारे मीटरभर खोलीपर्यंत दिसू लागले की खरी संधी येते. ही संधी प्रत्येक नदीत निराळ्या दिवशी येते. सोल डक लवकर निवळते, तर ऑलिंपस पर्वताच्या हिमनद्यांतून येणारी, काठ खचविणारी हो नदी अनेक दिवस गढूळ राहते.

साधनांत बारा ते चौदा फुटी, दोन हातांनी फेकण्याची दांडी प्रमुख आहे. पाठीमागे झाडी असतानाही दोर फेकता यावा म्हणून स्कॉटलंडच्या स्पे नदीवर रूढ झालेली फेक येथे आली, आणि १९९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्कॅजिट नदीवर आखूड व जड दोर वापरून जड टोक व मोठी फ्लाय फेकण्याची ‘स्कॅजिट’ पद्धत आकारास आली. याच काळातील ‘इंट्रूडर’ या लांब, मोकळ्या पिसांच्या फ्लायचे श्रेय मुख्यतः एड वॉर्ड यांना दिले जाते. त्याआधी फोर्क्स येथील सिड ग्लासो यांनी स्पे धर्तीच्या नाजूक फ्लाय स्टीलहेडसाठी बांधल्या होत्या. कारागिरीच्या दृष्टीने त्यांची सर आजही क्वचितच कोणाला येते. फ्लाय प्रवाहाला तिरपी टाकून ताणलेल्या दोराने काठाकडे वळू द्यायची, मग दोन पावले खाली सरकून पुन्हा टाकायची, एवढाच क्रम तासन्‌तास चालतो. गोठणबिंदूच्या खाली दांडीच्या कड्यांत बर्फ जमून दोर अडतो. दर थोड्या वेळाने बोटांनी किंवा दांडीचे टोक पाण्यात बुडवून हे बर्फ काढावे लागते. नदीत शिरलेला स्टीलहेड फारसे खात नाही. तरी तो फ्लाय का पकडतो, यावर भक्षणाची जुनी सवय व हद्दीचे रक्षण अशी दोन उत्तरे दिली जातात.

नदीतच राहणारा ट्राउट हिवाळ्यातही खातो. काठच्या बर्फावरून चालणाऱ्या नखाएवढ्या काळ्या स्टोनफ्लाय व मिज या खऱ्या कीटकांवर तो फेब्रुवारीत वर येतो. मार्चच्या सुमारास मोंटॅनातील बिटररूट व वॉशिंग्टनमधील याकिमा या नद्यांवर स्क्वाला जातीच्या स्टोनफ्लाय बाहेर पडतात. धरणाखालच्या प्रवाहात तापमान स्थिर असल्याने हंगाम अधिक भरवशाचा असतो.

हिवाळ्याअखेर मासेमारी व वीण एकाच पाण्यात चालते, हे लक्षात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. मादीने शेपटीने उकरून अंडी पुरलेली जागा भोवतालच्या शेवाळी गोट्यांत फिकट, धुतल्यासारख्या ठिपक्याप्रमाणे दिसते. तेथे पाय पडल्यास अंडी चिरडतात. गोठणाऱ्या हवेत मासा पाण्याबाहेर उचलल्यास त्याचे नाजूक कल्ले गोठू शकतात, म्हणून गळ पाण्यातच सोडवावा लागतो. चढण घटल्याने वॉशिंग्टनने डिसेंबर २०२० मध्ये किनारी नद्यांत नावेतून मासेमारी व नैसर्गिक आमिष यांवर बंदी घातली. करारबद्ध आदिवासी राष्ट्रांचा पकडीतील निम्म्या वाट्याचा हक्क संघीय न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निर्णयाने मान्य झाला असून हंगामाचे नियोजन त्यांच्यासह होते.

भारतात निलगिरीत वसविलेला रेनबो ट्राउट याच जातीचा असला, तरी तो समुद्रात जात नाही. हिमाचल प्रदेशातील बियास व तीर्थन नद्यांवर हिवाळ्यात विणाऱ्या ब्राउन ट्राउटसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि गळ मार्चमध्ये पाण्यात पडतो.