पोराचे डोळे ठीक आहेत

व्हॉट्सअ‍ॅपवर ते चित्र अधूनमधून फिरत येतंच. अक्षरं उड्या मारताहेत, ओळी हेलकावताहेत आणि खाली लिहिलेलं: 'डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला असं दिसतं!' डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन अडण्याचा दोष. तो असलेल्या बहुतेक मुलांना असं काहीही दिसत नाही. अक्षर तुम्हाआम्हाला दिसतं तसंच त्यांनाही दिसतं. हा दोष डोळ्यांचा किंवा नजरेचा आहे, हा समज मात्र चांगला शंभर वर्षं मुरलेला आहे.

१९२५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काम करणाऱ्या सॅम्युएल ऑर्टन या मेंदूतज्ज्ञाने हुशार असूनही वाचता न येणाऱ्या मुलांवर निबंध लिहिला. ही मुलं इंग्रजी 'बी'ला 'डी' म्हणत, 'वॉज' (was) हा शब्द उलटा वाचून 'सॉ' (saw) म्हणत. ऑर्टनने तर्क लढवला की मेंदूच्या दोन्ही अर्धांत अक्षराची प्रतिमा उमटते, एक सुलटी, एक आरशातली. वाचताना उजवीकडची दबायला हवी, ती या मुलांत दबत नाही.

तर्क ऐटदार होता, पण चुकीचा.

अ‍ॅना गिलिंगहॅम (१८७८–१९६३) न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिकवत. पुढे त्या ऑर्टनसोबत काम करू लागल्या आणि बेसी स्टिलमन या सहकारी बाईंबरोबर त्यांनी १९३०च्या दशकात शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका तयार केली. तेव्हा अमेरिकेत अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करवून घ्यायची पद्धत जोरात होती. गिलिंगहॅम बाईंनी ती बाजूला ठेवली. एक कार्ड, एक अक्षर, एक आवाज. मुलाने अक्षर पाहायचं, आवाज काढायचा, बोटाने गिरवायचं. मग आवाज जोडून शब्द. लिहिताना आधी शब्द तोंडाने म्हणायचा, मग एकेक अक्षराचं नाव घेत कागदावर उतरवायचा. चित्र पाहून अंदाज बांधायला बंदी. पुढची सगळी हयात त्यांनी हे शिकवण्यात आणि शिक्षक घडवण्यात घातली.

ऑर्टनचा तर्क मोडला तो १९७०च्या दशकात. फ्रँक व्हेलुटिनो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांना काही क्षण हिब्रू शब्द दाखवले आणि आठवून काढायला सांगितले. हिब्रू कुणालाच येत नव्हती. वाचनात मागे असलेली मुलं चांगल्या वाचकांइतकीच बरोबर काढू शकली. म्हणजे नजर शाबूत, आकृतीची आठवणही शाबूत. अडायचं कुठे? त्या आकृतीला आवाज चिकटवताना.

आता जरा आरशासमोर उभे राहा. 'की' म्हणा, मग 'कू' म्हणा. दुसऱ्या वेळी 'क' उमटण्याआधीच ओठांचा चंबू झालेला दिसेल. पुढचा स्वर आधीच्या व्यंजनात शिरलेला असतो. हवेतून कानावर येतो तो सलग आवाज. 'क' संपला, आता 'ऊ' सुरू, अशी रेघ त्यात कुठेही नसते. बोलायला आणि ऐकायला ती लागतही नाही, म्हणून ही मुलं गप्पांत पटाईत असू शकतात. वाचायला मात्र लागते, कारण लिपी आवाजाचे तुकडे मागते. हे तुकडे मनात वेगळे करण्याला स्वनिम-जाणीव म्हणतात, आणि डिस्लेक्सियात बहुतेकदा तीच कच्ची असते. मेंदूच्या प्रतिमांमध्येही अशा मुलांच्या डाव्या अर्धाच्या मागच्या बाजूला, जिथे अक्षर आणि आवाज यांची गाठ पडते, वाचताना हालचाल कमी आढळते. 'बी'-'डी'ची गल्लत तर वाचायला नुकतीच लागलेली बरीच मुलं करतात.

आपली बाराखडी हे खरं तर या तुकड्यांचं देखणं कोष्टक आहे: आडवे स्वर, उभी व्यंजनं. पण आपण ते गाऊन घेतो. पाठ झालेल्या मुलाला मधलाच 'मु' विचारा. ते बऱ्याचदा 'म, मा, मि, मी' असं पहिल्यापासून म्हणत तिथवर येतं. त्यात पहिली वेलांटी! लिहायची व्यंजनाच्या आधी, उच्चारायची नंतर.

या दोषावर रंगीत काच, डोळ्यांचे व्यायाम आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' विकणारे ढिगाने आहेत. पट्टीचं गुपित नाकाजवळच्या फटीत असतं. रंगीत भिंगं आणि डोळ्यांच्या व्यायामांना पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनात सांगितलंय. मुलाला चष्मा लागला असेल तर जरूर द्यावा, पण त्याने 'मु' सुटा होणार नाही.

गिलिंगहॅम बाईंच्या पद्धतीलाही देव्हाऱ्यात बसवू नये. तिच्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला, त्यात फायद्याकडे कल दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. अक्षर-आवाजाचं क्रमवार शिक्षण उपयोगी पडतं, याला २०००च्या अमेरिकी राष्ट्रीय वाचन समितीपासून भक्कम आधार आहे. बोटाने गिरवण्याचा त्यात वाटा किती, हे अजून सुटं करून दाखवायचं बाकी आहे.