तीव्र की गंभीर? ट्रायलच्या फायलीतले दोन रकाने

कोल्हापुरात ‘पेशंट सिरियस हाय’ असा फोन गेला की गावाकडून जीप भरून माणसं निघतात. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या, ट्रायलमधल्या एका आजोबांच्या कागदावर मी ‘सिरियस’च्या चौकोनात टिक केली आणि नेमकी ती त्यांच्या मुलाने पाहिली. आजोबा तेव्हा कॉटवर मांडी घालून चहात बटर बुडवून खात होते. ताप १०१. आदल्या दिवशी औषधाची सलाईन घेऊन घरी गेले, रात्री कणकण आली, म्हणून एक रात्र नजरेखाली राहू देत असं म्हणत मी दाखल करून घेतलं होतं.

मुलाचा घोटाळा समजण्यासारखा आहे. ट्रायलमध्ये नव्याने आलेले डॉक्टरही इथेच अडखळतात, मीही अडखळले होते. फॉर्ममध्ये ‘सिव्हियर’ आणि ‘सिरियस’ असे दोन वेगळे रकाने असतात आणि मराठीत आपण दोन्हींना ‘गंभीर’ म्हणून मोकळे होतो. एकदा तर संमतीपत्रकाचा मराठी मसुदा हातात पडला, त्यात एकाच पानावर दोन्ही शब्दांना ‘गंभीर’ लावलेलं. पेशंटने काय समजायचं? तेव्हापासून मी सिव्हियरला ‘तीव्र’ म्हणते आणि ‘गंभीर’ फक्त सिरियससाठी राखून ठेवते.

तीव्रता म्हणजे त्रास किती, याचं माप. त्यासाठी सीटीसीएई नावाची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी आहे, ग्रेड १ ते ५. पाचवा म्हणजे मृत्यू. जुलाबाचं उदाहरण घ्या, कारण इम्युनोथेरपीत आम्ही त्याला फार वचकून असतो. या औषधाने सैल सोडलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी कधी कधी स्वतःच्याच आतड्यावर उठतात. ‘पोट बिघडलंय’ एवढ्यावर ग्रेड ठरत नाही. एरवी किती वेळा जाता, हे आधी विचारावं लागतं. रोज दोनदा जाणारा माणूस सहा वेळा गेला तर वाढ चारची, ग्रेड २. नऊ वेळा गेला तर वाढ सातची, ग्रेड ३, म्हणजे तीव्र. (काल तांबडा रस्सा किती वाट्या झाला, हेही विचारते. हसतात, पण खरं सांगतात.) पुढचा उपचार मुख्यतः या मापावर ठरतो: डोस थांबवायचा का, स्टेरॉइड सुरू करायचं का, किती करायचं.

गंभीर या रकान्याला माप नाही, तिथे हो किंवा नाही. मृत्यू झाला का? त्या क्षणी जीव धोक्यात होता का? ‘आणखी वाढलं असतं तर’ हा हिशेब इथे चालत नाही. दाखल करावं लागलं का, किंवा आधीच दाखल असलेल्याचा मुक्काम लांबला का? मोठं अपंगत्व आलं का? बाळात जन्मजात व्यंग निघालं का? यातलं एक जरी ‘हो’ असलं की घटना गंभीर, मग ग्रेड १ का असेना. औषधांच्या ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार संशोधक डॉक्टरने २४ तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं, आणि कारणमीमांसेसह सविस्तर अहवाल १४ दिवसांत द्यायचा. रविवार असो की महापूर.

उलट्या बाजूचा नमुनाही भेटतो. रक्ततपासणीत लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) कमाल मर्यादेच्या पाचपटीहून वर, म्हणजे ग्रेड ३. आणि पेशंट? पोटात दुखत नाही, उलटी नाही, रंकाळ्यावर सकाळचा फेरा मारून तपासणीला आलेला. तीव्र आहे, गंभीर नाही. त्याचं पुढचं औषध मी रोखून धरू शकते, पण २४ तासांचं घड्याळ सुरू होत नाही.

शोधनिबंध वाचतानाही हे भान ठेवावं लागतं. डोके-मानेच्या कर्करोगावर टाटा मेमोरियलचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. गोळ्यांच्या केमोला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली, आणि वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. त्यात ‘ग्रेड ३ व त्यावरील’ त्रासाचे आकडे साधारण निम्म्या रुग्णांचे आहेत. हा तीव्रतेचा आकडा. त्यावरून ‘निम्मे लोक सिरियस झाले’ असं कुणी सांगू लागलं तर त्याने रकाना चुकवला.

खरी कसोटी लागते ती ‘दाखल का केलं’ या प्रश्नावर. पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलं की गगनबावड्याची वाट बंद होते. सलाईन संपलेला, ठणठणीत पेशंट रात्रभर वॉर्डातच राहतो. कागदोपत्री ॲडमिशन झालं, पण आजारासाठी नाही. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यांत, असं सोयीसाठी दाखल होणं गंभीर घटनेत धरत नाहीत. त्याच रात्री शेजारच्या कॉटवर दम लागतो म्हणून ठेवलेला माणूस मात्र धरावाच लागतो, दम कितीही किरकोळ वाटो. या औषधाने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि ती सुरुवातीला अशीच साध्या वेषात येते. म्हणून केसपेपरवर ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढं मोघम लिहिणाऱ्या ज्युनिअरला मी परत पाठवते. कशाचं निरीक्षण? रस्त्यावरच्या पाण्याचं, की हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्तातल्या ट्रोपोनिनचं?

तर त्या आजोबांच्या फायलीत तापापुढे दोन नोंदी झाल्या: तीव्रता, ग्रेड १; गंभीर, हो. मुलाला दोन्ही रकाने बोट ठेवून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला.

“म्हंजे कागदावर सिरियस, पण आण्णा बरं हायत?”

“हो. रात्रीत काही झालं नाही तर सकाळी घरी न्या.”

त्याने खिशातून मोबाईल काढला. “पावनं, जीप कुठवर आलीया? मागं फिरवा.”