टाके भरून येईपर्यंत

बाळंतपणानंतर टाक्यांची काळजी घ्यायला आमची ही पेटी आहे. ती उघडलीत की आधी पाण्याची धार सोडायची बाटली बाहेर काढा. कोमट पाण्यात बसायच्या टबाचं नंतर बघू.

बाळंतपणात खाली फाटलं असेल किंवा छेद घेतला असेल, तर टाक्यांवर लघवी लागताच झोंबते. त्या भीतीने बायका पाणी पिणंच कमी करतात. मग लघवी गडद होते आणि जास्तच झोंबते. म्हणून लघवी सुरू होताच बाटलीतलं कोमट पाणी पुढून मागे धारेने सोडत राहा. नंतर घासून पुसू नका, मऊ कापडाने नुसतं टिपा, तेही पुढून मागे.

पहिले 2-3 दिवस सूज असते. थंड पट्टी कापडात गुंडाळून 10 मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. टबात दिवसातून दोनतीनदा कोमट पाण्यात 10 मिनिटं बसा. मीठ, जंतुनाशक काही घालायची गरज नाही. पॅड 3-4 तासांनी बदला.

पहिल्यांदा संडासला जाताना टाके तुटतील अशी धास्ती जवळपास प्रत्येकीला वाटते. सहसा तुटत नाहीत. कुंथू मात्र नका. पायाखाली छोटं स्टूल घ्या, स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकेच दाबून धरा आणि श्वास सोडत राहा. खडा होत असेल तर मल मऊ करणारं औषध डॉक्टरांकडे मागा, यात लाजण्यासारखं काही नाही.

खालचे टाके बहुधा आपोआप विरघळतात. काही दिवसांनी पॅडवर दोऱ्याचा तुकडा दिसला तर घाबरू नका, आणि लोंबणारा दोरा ओढू नका.

सिझेरियन झालं असेल तर ही पेटी फारशी उपयोगाची नाही, हे आम्हीच सांगतो. उठताना आधी कुशीवर वळा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला आला की पोटाशी उशी धरा. साधारण 6 आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम दुखणं सोसेल तसे हळूहळू सुरू करा. वायू किंवा शौच आवरत नसेल तर ‘बाळंतपणानंतर असंच होतं’ म्हणून गप्प बसू नका, त्यावर उपचार आहेत.

38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, घाण वास, पू, उसवलेले टाके, वाढत जाणारं दुखणं, तासाभरात चिंब होणारं पॅड, एका पोटरीला सूज, धाप: यातलं काहीही दिसलं तर आम्हाला फोन करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.